गेलं कुठे, आलं कुठून

रसायनशास्त्राच्या पहिल्या तासाला मी वजनकाटा घेऊन जाते. संज्ञा, संयुजा आणि रेणुसूत्रं पुढे लागतातच, पण ती थोडी थांबू शकतात. माझ्या वर्गातली मुलं कृष्णाकाठची आहेत. शाळेच्या एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला द्राक्षबागा. उसाची गाडी कारखान्याच्या काट्यावर चढताना त्यांनी पाहिलेली असते, बेदाण्याची खोकी वजन करून रचलेली असतात. वजन म्हणजे काय आणि ते चुकलं तर किती बिघडतं, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. म्हणून रसायनशास्त्रातला पहिला प्रश्न मी वजनाचाच विचारते.

काटा छोटा, डिजिटल, दशांश ग्रॅम दाखवणारा. त्यावर एक फरशीचा तुकडा, फरशीवर पत्र्याची ताटली आणि ताटलीत स्टील वूल. फर्निचरला पॉलिश करणारे वापरतात ते बारीक लोखंड. (भांडी घासायची चकचकीत घासणी घेऊ नये, ती स्टेनलेस स्टीलची असते, नीट पेटत नाही.) काट्यावरचा आकडा एक मुलगी फळ्यावर लिहिते. पेटवण्याआधी मी विचारते, जळल्यावर वजनाचं काय होईल?

"कमी हुईल की, बाई."

सगळा वर्ग एका सुरात. त्यामागचं कारणही पक्कं असतं. लाकूड जळलं की मूठभर राख उरते, पाचट पेटवलं की रान मोकळं होतं. जळणं म्हणजे कमी होणं, हा त्यांचा डोळ्यांनी पाहिलेला अनुभव आहे आणि तो खोटा नाही. मग मी काडी लावते. लोखंडातून लाल निखारे धावत जातात, ज्वाळा जवळजवळ नाहीच, धूरही नाही. काळसर झालेला तो गोळा तसाच काट्यावर असतो आणि आकडा वर गेलेला असतो. काटा बिघडलाय, असं कुणीतरी म्हणतंच. म्हणणाऱ्यालाच पुढे बोलवायचं, नवं स्टील वूल द्यायचं, त्याच्याच हाताने पेटवून घ्यायचं. पुन्हा आकडा वर. आता प्रश्न त्यांचा होतो: जादाचं आलं कुठनं?

हा प्रश्न आणि त्याची जोडी, म्हणजे नाहीसं झालेलं गेलं कुठे, एवढ्या दोन खुंट्यांवर मी नववी-दहावीचं सगळं रसायनशास्त्र टांगते. लोखंडाने हवेतला ऑक्सिजन धरला म्हणून ते जड झालं. लाकडातला कार्बन आणि हायड्रोजन ऑक्सिजनला धरून हवेत निघून गेले म्हणून राख हलकी झाली. दोन्ही घटना एकाच जातीच्या. फरक एवढाच, की एकीत झालेला पदार्थ ताटलीत राहिला आणि दुसरीत उडून गेला. हे मुलांच्या मनात एकदा बसलं, की अर्धं काम झालं असं मी मानते.

निघून गेलेलं अडवून दाखवायला खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर पुरतं. उघड्या पेल्यात सोडा टाकला की फसफस होते आणि वजन घटतं. तेच थंड पेयाच्या एक लिटरच्या रिकाम्या बाटलीत, झाकण घट्ट लावून केलं, तर फसफस तेवढीच होते आणि आकडा हलत नाही. झाकण सैल केलं की फुस्स आवाज येतो आणि आकडा उतरतो. सोडा दोन ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नये आणि काचेची बाटली मुळीच वापरू नये. बाटलीच्या तोंडाला फुगा लावायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. दिसायला ती छान आहे, पण फुगा फुगला की तो जितकी हवा बाजूला सारतो तितका हवेचा वरचा रेटा त्याला मिळतो, आणि बारीक काट्यावर वजन थोडं घटलेलं दिसतं. गळती कुठेच नसताना मुलं गळती शोधत बसतात. आकार न बदलणारी बाटलीच बरी.

फ्रान्सच्या लाव्हाझिएने १७७४ मध्ये हेच केलं होतं. काचेच्या भांड्यात कथिल घालून, भांडं बंद करून त्याने ते तापवलं. कथिलावर राखेसारखा थर चढला, तरी भांड्याचं एकूण वजन बदललं नाही. भांडं उघडलं तेव्हा हवा आत शिरली आणि तेव्हा कुठे वजन वाढलं. लाव्हाझिएचं नाव घेतल्यावर मी तिथे थांबते. त्याच्याकडे मला पुन्हा यायचं असतं, आणि तेही कार्बनी संयुगांच्या धड्यात.

समीकरण संतुलित करणं ही मुलांना सगळ्यात जाचणारी गोष्ट. त्याचं कारण गणित नाही. तेवढी बेरीज-गुणाकार सातवीतलं पोरही करतं. अडतं ते दुसरीकडे. पाण्याचं समीकरण घ्या. हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळून पाणी. डावीकडे ऑक्सिजनचे अणू दोन, उजवीकडे एक. पटकन डोकं चालवणारा मुलगा एचटूओमधल्या ओच्या पायाशी दोन लिहून मोकळा होतो. आकडे जुळले! पण त्याने जे लिहिलं ते पाणी राहिलंच नाही. तो हायड्रोजन पेरॉक्साइड झाला, जखम धुताना फेसाळतो तो. पायाशी लिहिलेला आकडा पदार्थाचा असतो, त्याला हात लावला की पदार्थ बदलतो. पुढे लिहिलेला आकडा फक्त किती रेणू आहेत ते सांगतो, आणि बदलायची मुभा तेवढ्या एकाच आकड्याला आहे. हे तोंडी सांगून पटत नाही. म्हणून शाडूच्या गोळ्या करून, खराट्याच्या हिराचे तुकडे खोचून, आम्ही हायड्रोजनच्या दोन जोड्या आणि ऑक्सिजनची एक जोडी बाकावर मांडतो. मोडायच्या, पुन्हा जोडायच्या, आणि एकही गोळी उरता कामा नये किंवा बाहेरून आणता कामा नये. दोनच पाणी तयार होतात. ज्या मुलाने ते हाताने केलं, तो नंतर पायाशी आकडा लिहीत नाही.

अभिक्रियांचे प्रकार, संयोग, अपघटन, विस्थापन, दुहेरी विस्थापन, हे परीक्षेत हमखास येतात आणि मुलं ते पाठ करतात. त्यांच्यावर मी फार वेळ घालवत नाही. नावं ओळखायला एक तास बास होतो. विस्थापनाला मात्र मी ठरवून दोन तास देते, कारण ती अभिक्रिया आमच्या शिवारात रोज होते.

द्राक्षबागायतदाराच्या घरातल्या मुलाला बोर्डो मिश्रण सांगावं लागत नाही. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी, हे प्रमाण त्याला तोंडपाठ असतं. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. ते वेगळं विरघळवायचं, चुना वेगळा कालवायचा, भांडं लोखंडाचं नको, आणि मिश्रण झाल्यावर त्यात विळा किंवा चाकूचं स्वच्छ पातं थोडा वेळ बुडवून पाहायचं. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला. अजून चुन्याची निवळी घालायची आणि पुन्हा पातं बुडवायचं. थर येईनासा झाला की फवारणीला घ्यायचं. हे सगळं त्याला येतं, फक्त त्याला रसायनशास्त्र म्हणतात हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

म्हणून आम्ही वर्गात तेच करतो. मोरचुदाच्या निळ्या द्रावणात लोखंडी खिळा. काही मिनिटांत खिळ्यावर तांबं चढतं आणि तासाभराने निळा रंग फिका पडू लागतो. लोखंड तांब्यापेक्षा जास्त क्रियाशील, ते तांब्याला द्रावणातून बाहेर काढतं आणि स्वतः आत जातं. तांबं आलं कुठून, तर निळ्या पाण्यातून. लोखंड गेलं कुठे, तर पाण्यात. मग मी विचारते, चुना पुरेसा घातल्यावर पात्यावर थर का येत नाही? इथे वर्ग बराच वेळ अडतो आणि मी अडू देते. उत्तर असं, की चुन्यामुळे विरघळलेलं तांबं अविद्राव्य रूपात खाली बसतं, पाण्यात मोकळं राहतच नाही. मोकळं तांबं पानाला भाजतं, म्हणून ही परीक्षा. हे मिश्रण सुचलं कसं, तेही मुलांना आवडतं. फ्रान्समध्ये बोर्दो भागात रस्त्याकडेच्या वेलींवर लोकांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून मोरचूद आणि चुन्याचा निळसर लेप शिंपडत. त्या वेलींवर केवडा रोग कमी दिसतो हे मियार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८२ मध्ये हेरलं आणि १८८५ मध्ये जाहीर केलं.

दिवाळीनंतर गुऱ्हाळं पेटली, की दहावीचा वर्ग घेऊन मी गुऱ्हाळावर जाते. धातू, अधातू, आम्ल, आम्लारी इथपर्यंत आलेल्या मुलांना कार्बनी संयुगांकडे न्यायला मला दुसरी चांगली वाट सापडलेली नाही.

उसाचा ताजा रस किंचित आम्ल असतो. लिटमस बुडवून मुलं ते स्वतः पाहतात. काहिलीत रस तापू लागला की गुळव्या चुना घालतो, रानभेंडीचं चिकट पाणी घालतो, वर आलेली मळी झाऱ्याने काढत राहतो. फेस फार चढला तर एरंडेलाचे दोन थेंब. मुलं त्याला मामा म्हणतात आणि प्रश्नांनी भंडावून सोडतात. मामा, चुना कशाला? "रस फाटतो नाहीतर. गूळ धरत न्हाई." बरोबर आहे त्याचं, आणि त्यामागे मोठी गोष्ट आहे. रसातली साखर म्हणजे सुक्रोज. आम्ल आणि उष्णता एकत्र आली की सुक्रोजचा एक रेणू पाण्याचा एक रेणू घेऊन दोन तुकड्यांत फुटतो, एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज. त्या दोघांच्या मिश्रणाचे सहजी खडे बांधत नाहीत. गूळ पातळ राहतो, पावसाळ्यात पाझरतो. चुना आम्ल मारतो म्हणून साखर फुटायची थांबते. उदासिनीकरण नावाची, वहीत चार ओळींत संपलेली अभिक्रिया इथे ढेपेचा भाव ठरवते. तोडून दोन-तीन दिवस पडलेल्या उसाचा गूळ का बिघडतो, याचंही उत्तर तेच: तोडल्यावर उसातली विकरं आणि जिवाणू साखर फोडायला लागलेले असतात.

पाक १०५-१०६ अंशांवर काढला तर काकवी, ११८ च्या आसपास नेला तर गूळ. मामाकडे तापमापी नसते. तो पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकतो आणि बोटांनी गोळी वळून पाहतो. आम्ही आमची तापमापी लावून पाहिली, तेव्हा त्याची गोळी आणि आमचा पारा यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. मुलांनी हे पाहावं असं मला मनापासून वाटतं. पाणी उडत जाईल तसा पाकाचा उत्कलनांक चढत जातो, म्हणजे तापमान हे पाणी किती उरलं त्याचं माप आहे. हे त्या माणसाच्या बोटांना माहीत आहे, आणि पुस्तकालाही.

काही गुऱ्हाळांत हायड्रोस पावडर टाकतात. मुलं त्याबद्दलही विचारतात आणि मी ते टाळत नाही. तो सोडियम हायड्रोसल्फाइट, कडक क्षपणक. रंगीत संयुगांचं क्षपण करून तो गूळ पिवळाधमक करतो. गूळ हवेत राहिला की रंग पुन्हा काळवंडतो, गंधकाची संयुगं मात्र मागे राहतात. रंग गेला कुठे, तर कुठेच नाही. रेणू तिथेच होता, थोडा बदललेला, आणि हवेतल्या ऑक्सिजनने त्याला परत आणलं. त्या दिवसापासून मुलं पिवळ्या ढेपेकडे आणि तपकिरी ढेपेकडे वेगळ्या नजरेने पाहतात.

परत आल्यावर मी वर्गात विचारते, साखर मातीतून आली ना? सगळे हो म्हणतात. खत मातीत घालतात, पाणी मातीला देतात, ऊस मातीत उभा असतो. दुसरं काय उत्तर असणार! बेल्जियमचा व्हान हेल्मॉंट सतराव्या शतकात हाच प्रश्न घेऊन बसला होता. त्याने सुमारे ९० किलो वाळलेली माती कुंडीत भरून त्यात विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाडाचं वजन सुमारे ७४ किलोंनी वाढलं, माती मात्र साठेक ग्रॅमच घटली. त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्यातून झालं. निष्कर्ष अर्धाच बरोबर होता, पण तोलून पाहण्याची रीत पूर्ण बरोबर होती. राहिलेलं अर्धं हवेत होतं.

इथून पुढचा हिशेब आम्ही फळ्यावर करतो, आणि वर्षातला माझा सगळ्यात आवडता तास तो हाच. सुक्रोजच्या रेणूत कार्बनचे १२, हायड्रोजनचे २२, ऑक्सिजनचे ११ अणू. रेणुवस्तुमान ३४२, त्यात कार्बनचा वाटा १४४. म्हणजे एक किलो साखरेत सुमारे ४२० ग्रॅम कार्बन. हा सगळा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून आला. हवेत तो किती असतो? दहा हजार भागांत चार भागांच्या जरासा वर. हिशेब केला तर एक घनमीटर हवेत जेमतेम ०.२ ग्रॅम कार्बन भरतो. म्हणजे एक किलो साखरेसाठी सुमारे २००० घनमीटर हवा. आमचा वर्ग आठ मीटर लांब, सहा मीटर रुंद, तीन मीटर उंच, १४४ घनमीटरांचा. असे चौदा वर्ग भरतील एवढ्या हवेतला झाडून सगळा कार्बन उसाच्या पानांनी वेचला, तेव्हा किलोभर साखर झाली. मुलं उठून खिडकीबाहेरच्या उसाकडे बघतात. मी त्यांना बघू देते.

साखरेवर तीव्र सल्फ्युरिक आम्ल ओतून काळा खांब उभा राहतो तो प्रयोग मी याच तासाला, एकटीने, हातमोजे आणि चष्मा घालून, दारं-खिडक्या उघड्या ठेवून दाखवते. पांढऱ्या साखरेतून हायड्रोजन आणि ऑक्सिजन पाण्याच्या रूपात निघून जातात आणि कोळसा उरतो. आतापर्यंत फळ्यावर होता तो कार्बन त्यांना समोर दिसतो.

कार्बनी संयुगं आणि बाकीचं रसायनशास्त्र यांच्यामध्ये मुलांच्या मनात एक भिंत असते. ती भिंत एकेकाळी शास्त्रज्ञांच्याही मनात होती. सजीवांच्या शरीरातली संयुगं फक्त सजीवच बनवू शकतात, त्यासाठी एक वेगळी प्राणशक्ती लागते, असं मानलं जाई. १८२८ मध्ये फ्रीडरिश व्होलरने अमोनियम सायनेट या निर्जीव क्षारापासून युरिया मिळवला, जो तोवर मूत्रातूनच मिळत होता. समजूत एका दिवसात गेली नाही. १८४५ मध्ये कोल्बेने मूलद्रव्यांपासून पायरी-पायरीने ॲसेटिक आम्ल बनवलं, असे धक्के बसत गेले तेव्हा ती सुटली. अमोनियम सायनेट आणि युरिया यांच्यात अणू तेच, संख्या तीच, फक्त जोडणी वेगळी. काहीही आलं नाही, काहीही गेलं नाही, तरी पदार्थ नवा झाला. इथवर वजनाने साथ दिली. इथून पुढे कोण कोणाला धरून आहे, हेही पाहावं लागतं.

युरिया म्हटल्यावर गोणी आलीच. गोणीवर ४६ टक्के नत्र असं छापलेलं असतं. ते मी वर्गाला काढायला लावते. कार्बन १२, ऑक्सिजन १६, नायट्रोजन दोन म्हणजे २८, हायड्रोजन चार, एकूण ६०. अठ्ठावीस भागिले साठ, ४६.६७ टक्के. घरी पडलेल्या गोणीवरचा आकडा आपल्या वहीत उतरला, याचा आनंद मुलांच्या चेहऱ्यावर मी दरवर्षी पाहते. गोणीवर थोडा कमी का, असं विचारणारी एक तरी असते. गोणीवरचा आकडा किमान हमीचा. मालात थोडी आर्द्रता, थोडी इतर संयुगं असतात. ४५ किलोंच्या गोणीत २०.७ किलो नत्र. त्यातला नायट्रोजन हवेतला आणि त्याला जोडलेला हायड्रोजन बहुतेक नैसर्गिक वायूतला. अलिबागजवळच्या थळच्या कारखान्यातही युरिया बनतो तो याच रीतीने, अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यापासून.

मग पुन्हा शाडू आणि हीर. कार्बनच्या गोळीला चार हीर, एका पातळीत न खोचता चारही दिशांना सारख्या अंतराने. मिथेन झाला, गोबरगॅसमधला. दोन कार्बन जोडले, तीन जोडले, प्रोपेन. चार जोडायला सांगितले की निम्म्या बाकांवर सरळ साखळी तयार होते आणि दोन-चार बाकांवर फांदी फुटलेली. दोन्हींत कार्बन चार, हायड्रोजन दहा. बरोबर कोणाचं, यावर वाद होतो. दोघांचंही. पाच कार्बनांच्या तीन तऱ्हा, आणि दहा कार्बनांच्या ७५! व्याख्या मी यानंतर लिहून देते. कार्बन दोन, हायड्रोजन सहा, ऑक्सिजन एक, हे सूत्र ७८ अंशांना उकळणाऱ्या इथेनॉलचं आहे आणि उणे २४ अंशांना उकळणाऱ्या डायमिथाइल ईथर वायूचंही. ऑक्सिजन टोकाशी हायड्रोजनला धरून बसला की दोन कार्बनांच्या मध्ये बसला, एवढ्याने एक द्रव आणि एक वायू.

घरातल्या गॅसची टाकी १४.२ किलोंची. प्रोपेन आणि ब्यूटेन पूर्ण जळले तर त्यातून सुमारे ४३ किलो कार्बन डायऑक्साइड आणि बावीस-तेवीस किलो पाणी तयार होतं. टाकी संपते, पण तिच्यातलं संपत नाही, उलट हवेतून ऑक्सिजन घेऊन साडेचारपट वजनाचं होऊन घराबाहेर पडतं. समीकरण मुलांनीच सोडवलेलं असतं, त्यामुळे उत्तरावर वाद घालता येत नाही, फक्त विचार करता येतो. हिवाळ्यात खोली बंद करून शेगडी का पेटवू नये, हे त्या विचाराला धरूनच येतं.

शेवटी किण्वन. दोन लिटरच्या बाटलीत शंभर ग्रॅम गूळ, पाणी, बेकरीतलं यीस्ट, झाकण सैल. एक नळी चुन्याच्या निवळीत. निवळी दुधाळ होते, आणि वायू जातच राहिला तर पुन्हा नितळ. बाटलीचं वजन रोज एक विद्यार्थी घेतो. आठवडाभरात तीसेक ग्रॅमची घट दिसते. ग्लुकोजचे १८० ग्रॅम घेतले तर ९२ ग्रॅम इथेनॉल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. जवळजवळ निम्मी साखर बुडबुड्यांतून निघून जाते! त्या बाटलीतलं पाणी कुणी चाखायचं नाही. मुख्याध्यापकांसमोर ते खड्ड्यात ओततो, म्हणजे पालकांच्या मनातही शंका राहत नाही.

नीरेची ताडी होते ती याच अभिक्रियेने, म्हणून नीरा धरायच्या मडक्याला आतून चुना लावतात. या ठिकाणी मी कमला सोहोनींबद्दल सांगते. दुर्गाबाई भागवतांच्या या धाकट्या बहिणीला बंगळूरच्या संस्थेत १९३३ मध्ये आधी प्रवेश नाकारला होता, आणि १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. पुढे मुंबईत त्यांनी नीरेतल्या पोषकद्रव्यांवर केलेल्या कामाला राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला. आमच्या मुली हे लक्ष देऊन ऐकतात.

आणि इथेच लाव्हाझिए परत येतो. वस्तुमान अक्षय्यतेचा नियम त्याने आपल्या १७८९ च्या ग्रंथात कुठल्या प्रकरणात मांडला? धातू तापवण्याच्या नाही. द्राक्षरसाच्या किण्वनाच्या प्रकरणात. साखर, पाणी, यीस्ट सगळं तोलून घेऊन, बाहेर पडलेला वायू धरून, शेवटी झालेलं सगळं पुन्हा तोलून त्याने जमाखर्च मांडला, आणि आधी होतं तेवढंच नंतर असलं पाहिजे हे तिथे लिहिलं. पहिल्या धड्यातला नियम आणि शेवटच्या धड्यातली दारू एकाच पानावर जन्माला आली. मुलांना मी हे सांगते तेव्हा कार्बनी संयुगांची धास्ती बरीच ओसरलेली असते.

माझे काही जुने विद्यार्थी आसपासच्या कारखान्यांच्या डिस्टिलरीत कामाला आहेत. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायचं प्रमाण वीस टक्क्यांवर गेल्यापासून तिथलं काम वाढलं आहे. त्यांच्यातला एक मध्यंतरी शाळेत आला होता. वर्गात फळ्यावर हिशेब चालला होता: एक लिटर इथेनॉल ७८९ ग्रॅम, त्यामागे कार्बन डायऑक्साइड साधारण ७५५ ग्रॅम. तो म्हणाला, बाई, आमच्याकडं हा वायू धरतात, धुऊन, दाबून टाक्यांत भरतात, सोडा वॉटरवाले आणि आग विझवायच्या नळकांड्यांवाले नेतात. मग जरा थांबून म्हणाला, पण टाकी रिकामी केल्यावर तळाला तो बसून असतो, दिसत नाही, आणि साफ करायला उतरणाऱ्याला कुणी सांगितलेलं नसतं.

तेव्हापासून या धड्याला मी एक तास जोडला आहे. कार्बन डायऑक्साइडचा रेणुभार ४४, हवेचा सरासरी २९, म्हणून तो खोलगट जागेत साचतो: किण्वनाच्या टाकीत, मळीच्या हौदात, बरेच दिवस न उपसलेल्या विहिरीतही. कंदील सोडून पाहायची जुनी पद्धत पुरेशी नाही. हवेत हा वायू दहा टक्के झाला तर ऑक्सिजन अजून एकोणीस टक्क्यांच्या आसपास उरतो. कंदील जळत राहतो आणि माणूस काही मिनिटांत शुद्ध हरपतो. आधी पंख्याने हवा खेळवायची, मापकाने तपासायचं, कमरेला दोर बांधायचा, वर माणूस उभा हवा, आणि आतला पडला तर त्याच्यामागे उडी टाकायची नाही. हे मी मुलांकडून वहीत लिहून घेते आणि वही घरी वाचून दाखवायला सांगते. परीक्षेत हा प्रश्न येत नाही.